लेक कड्यावर, मी दोरावर

स्रवंतीचं मनगट मोडलं म्हणून मी थायलंडला गेले. हे वाक्य मी बरकतपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत निदान वीस जणींना ऐकवलंय आणि वीसही जणींनी "म्हणजे?" असंच विचारलंय. खरं सांगायचं तर ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या मनात क्राबीला जायचं असेल, तर माझा गोंधळ तुमच्या कामी येऊ शकेल म्हणून हे लिहिते आहे.

तेजू ही आमची एकुलती एक लेक. गच्चीबावलीला नोकरी करते आणि रविवारी खडक चढते. हैदराबादेत खडकांना काय तोटा! स्रवंती तिची मैत्रीण आणि चढाईतली जोडीदार. दोघींनी वर्षभर तयारी करून क्राबीची तिकिटं काढली आणि निघायच्या बारा दिवस आधी स्रवंती काचीगुड्याच्या वळणावर स्कूटीवरून पडली. हाताला प्लास्टर. तेजू दोन दिवस जेवणाच्या ताटाकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तूच चल ना. तुला बिले येतं."

बिले म्हणजे चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक खालून सांभाळणं. चढणारा निसटला तर खालच्याने त्याला अडवायचं. हे मला येतं ते अपघातानेच. आधी मी रविवारी नुसता डबा घेऊन जायची, लेकीवर नजर ठेवायला. बसून बसून कंटाळले, तेव्हा तिच्या गटातल्या एकाने "आंटी, ज़रा पकडो" म्हणून दोर हातात दिला. शिकवलं त्यांनीच. आपल्याकडचे खडक उतरते आणि बुटके, दोर वरून आलेला. कुणाचा पाय निसटला की दोर खेचायचा आणि सरळ खाली बसायचं. दोन वर्षं मी तेच करत आले, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

आमचे हे म्हणाले, "ती वर जाणार, तू खाली राहणार. काही झालं तर?"

"तेच तर माझं काम आहे. काही होऊ द्यायचं नाही."

"चौपन्नाव्या वर्षी?"

मी पिशवी उचलली आणि बाजाराला निघाले.

सुलतान बाजारात ढगळ सुती पँटी घ्यायला गेले. दुकानदाराने विचारलं, "योगा के वास्ते, अम्मा?" मी म्हटलं, "नक्को, पहाड़ के वास्ते." "तीर्थ?" "हौ," म्हणून मोकळी झाले. त्याने दहा रुपये कमी केले.

आता कामाचं. हैदराबादहून आम्ही विमान बदलून क्राबीला पोचलो. जायच्या आधी एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका. विमानतळावरून व्हॅनने आओ नांग नावाच्या किनारी गावात जायचं आणि तिथून लांब शेपटीच्या लाकडी होडीने रायलेला. माणशी शंभर बाटच्या आसपास, आणि आठ माणसं जमल्याशिवाय होडी हलत नाही, आपल्या शेअर ऑटोसारखंच. धक्का नाही, गुडघाभर पाण्यातून चालत होडी गाठायची. चाकांची बॅग नेऊ नका. मी नेली होती.

रायले बेट आहे का? मी तीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला, पण याचं उत्तर मला देता येत नाही. नकाशात ते जमिनीला चिकटलेलं आहे. मधे एवढे उभे कडे आहेत की रस्ताच नाही, म्हणून होडीनेच जावं लागतं, आणि तिथले सगळे त्याला बेट म्हणतात. वर घड्याळ दीड तास पुढे. मी भरती-ओहोटी जन्मभर फळ्यावर काढली. इथे सकाळी ज्या वाळूवरून चालत आलो ती दुपारी नव्हतीच! मी तेजूला विचारलं, "आपण चुकीच्या किनाऱ्यावर आलो का गं?" ती हसून हसून खाली बसली.

होडीत कुकटपल्लीचं एक कुटुंब होतं. बाईंनी आमचे दोर पाहिले. मी माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं, मुलगी चढते, मी दोर धरते. त्या कळवळून म्हणाल्या, "एंदुकम्मा, ई वयसुलो?" कशाला हो, या वयात? दोन देशांत एकच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सोपे कडे. इथला दगड आपल्यासारखा नाही. आपला ग्रॅनाइट खरखरीत असतो, पाय ठेवला की धरून ठेवतो. हा चुनखडीचा, मेण वितळून गोठावं तसा वरून लोंबणारा. शिवाय कडा मागे नव्हे, पुढे झुकलेला, आपल्या डोक्यावर आलेला. तेजू म्हणते, जितका जास्त झुकलेला तितकं पडणं सुरक्षित, कारण पडताना मधे काही लागत नाही. मी ते तीनदा ऐकलं. प्रत्येक वाक्य कळलं, एकत्र काही कळलं नाही.

कठीणपणाचे आकडेही मजेशीर: सहा ए, सहा बी, सहा सी. मी त्यांना सहावी अ, सहावी ब, सहावी क म्हणायला लागले आणि मग लक्षात राहिले. तेजूला सहावी क हवी होती. गेल्या वर्षी ती आणि स्रवंती त्याच कड्यावर शेवटापासून चार हात खालून परतल्या होत्या. ही सहल त्या चार हातांसाठीच होती.

आणि इथे दोर वरून नसतो, हे मला ऐकून माहीत होतं, पण पाहिलं पहिल्यांदाच. चढणारी दोर सोबत घेऊन जाते आणि कड्यात ठोकलेल्या बोल्टांना अडकवत जाते. शेवटच्या बोल्टच्या जितकी वर असेल, निसटली तर त्याच्या दुप्पट खाली येते, आणि त्याखाली मी.

जेवणाचं थोडक्यात: मी मटण खाते, पण त्यांच्या प्रत्येक पदार्थात माशाचं खारं पाणी असतं, ते माझ्याने होईना. "जे" हा शब्द पाठ करा, पूर्ण शाकाहारी असा त्याचा अर्थ. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की आत शिरा. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती तिसऱ्या दिवशी माकडांनी नेली.

तिसरा दिवस मी लिहू की नको, हे दोन आठवडे ठरत नव्हतं. तेजू सहावी ब चढत होती. बून नावाचा स्थानिक वाटाड्या शेजारीच दुसऱ्या गटाला शिकवत होता. तेजू वरच्या एका लोंबत्या दगडाला हात घालणार तोच निसटली. "आई!" एवढंच ऐकू आलं. मी दोन वर्षांचं शिकलेलं सगळं केलं. दोर खेचला आणि मटकन खाली बसले. बरोब्बर, हैदराबादेत करतात तसंच. दोर ताठ झाला आणि ती झोक्यासारखी आत येऊन कड्यावर आदळली. खटकन आवाज आला. मला वाटलं, हाड.

हाड नव्हतं. नडगी सोलून निघाली होती आणि तासाभरात टम्म सुजली. तिला खाली उतरवताना बूनने येऊन माझ्या हातावर हात ठेवला. तो सगळ्या वयस्क बायकांना "मे" म्हणतो, म्हणजे आई. त्याच्या तुटक इंग्रजीत त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा: तुमचं वजन मुलीपेक्षा जास्त, तुम्ही घट्ट धरलंत की ती भिंतीवर जोरात जाते. ती पडली की तुम्ही बसायचं नाही. उडी मारायची. वर. तिच्याकडे.

"म्हणजे ती खाली येताना मी वर जायचं?"

"हो, मे."

"मग तिला धरणार कोण?"

"तुम्हीच. पण हळू."

मी तेजूकडे पाहिलं. ती नडगीवर बर्फ धरून बसली होती. म्हणाली, "आई, इट्स ओके. तू काय मुद्दाम करायलीस का?" मुद्दाम नव्हतं, पण केलं मीच. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी तिला दोर नकोच होता. बूनच्या भावाच्या होडीने आम्ही आसपासच्या बेटांकडे गेलो. ही मात्र खरी बेटं, समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके. इथे दोराशिवाय चढतात आणि हात सुटला की समुद्रात पडतात, यालाच खेळ म्हणतात. जायचं असेल तर भरतीची वेळ विचारून जा, ओहोटीला खाली पाणी पुरेसं नसतं. ओळखीचा नावाडी नसेल तर जाऊच नका.

मी होडीत रिकाम्या हातांनी बसले. काय करावं कळेना. तेजू चढली, दहा-बारा हात वर गेली, निसटली, पडली. पाण्यात अदृश्य झाली. मग वर आली ती हसत. पुन्हा चढली. नडगीला खारं पाणी झोंबत असणार, ती "स्स" करायची आणि पुन्हा जायची. मी मोजत होते, सात वेळा पडली. सातव्यांदा माझ्या लक्षात आलं की पडताना ती घाबरत नाही. डोळे उघडे ठेवून, पाय खाली करून, शांतपणे पडते. कुणी शिकवलं हिला? लहानपणी ही जिन्यावरून खाली बघायला घाबरायची. मी तिला कधी असं पडू दिलं असतं का, तर नाही. हे मला तिथे होडीत बसून कळलं आणि त्याचं सुख वाटलं की दुःख, ते मात्र कळलं नाही.

पाचव्या दिवशी बूनने माझी शिकवणी घेतली. तेजू तीन बोल्ट वर जायची, "पडते हं" म्हणून सांगायची आणि मुद्दाम पडायची. मी उडी मारायची. पहिल्यांदा उशिरा मारली. दुसऱ्यांदा लवकर मारली, ती पडायच्या आधीच, आणि आजूबाजूचे दोन गोरे हसले. तिसऱ्यांदा सवयीने बसले. चौथ्यांदा म्हटलं, इथे वाळू फार भुसभुशीत आहे, पाय रुततात. तेजू वरून ओरडली, "नाचता येईना अंगण वाकडं!" हे तिला मीच शिकवलंय.

दोन तासांत मी अकरापैकी चार उड्या वेळेवर मारल्या असतील. शाळेत अकरापैकी चार मिळवणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे. त्या सगळ्या मुलांची मला तिथे लाज वाटली. माझी, त्यांच्यासमोर.

सहाव्या दिवशी सकाळी सहावी क. भरती दुपारी येणार होती, तोवर कड्याखालची वाळू आमची. बूनला आम्ही अर्ध्या दिवसासाठी ठरवलं होतं (दर आधीच विचारून घ्या, दुकानागणिक वेगळा असतो). कड्याखाली पोचल्यावर मी म्हटलं, "तेजू, आज बूनला धरू दे."

ती बूट घालायला बसली होती. "तुझी इच्छा आहे तशी?"

"माहीत नाही."

"आई, असं नको सांगू."

"खरंच माहीत नाही. तुला पुन्हा लागलं तर मी काय करू? आणि त्याने धरलं तर मी आले कशाला? दोन्ही वाटायलंय."

तिने एका बुटाची पट्टी ओढली. "मी तुला सांगणार नाही. मी 'तूच धर' म्हटलं आणि काही झालं तर तू मला जन्मभर विचारशील. दुसरा बूट घालेपर्यंत ठरव."

दुसरा बूट घालायला किती वेळ लागतो? तिने मुद्दाम हळू घातला, हे मला दिसलं. बून दूर समुद्राकडे बघत उभा राहिला. मी ठरवलं वगैरे काही नाही. माझे हात दोराकडे गेले आणि मी दोर कमरेच्या यंत्रात घातला. तिने येऊन माझा पट्टा ओढून तपासला, मी तिचा. नेहमीसारखंच.

ती चढली. मी मान वर करून दोर सोडत होते. घट्ट नाही, सैलही नाही, हे मनात बडबडत होते. पाच बोल्ट. सहा. सातव्याच्या वर ती गेली, गेल्या वर्षीच्या जागी. तिथे ती थांबली. एक हात झटकून मोकळा केला. दुसरा. मला तिच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. मग ती वर झेपावली.

पुढचं मला असं आठवतं: ओरडा नाही, वाऱ्याचा आवाज, आणि नंतर माझे पाय जमिनीवर नव्हते. मी कड्याला हात टेकून अधांतरी लोंबत होते, कमरेएवढी वर. आणि माझ्या वर, बऱ्याच वर, तेजू झोक्यासारखी हलत होती, कड्यापासून लांब, हवेत, आणि हसत होती. बून टाळ्या वाजवत होता. "मे! जंप! गुड जंप!"

"आई, कळलंच नाही गं मला," ती वरून म्हणाली. "गादीवर पडल्यासारखं."

ती आणखी दोनदा गेली. दोन्ही वेळा त्या झेपेतच निसटली, दोन्ही वेळा मी बऱ्यापैकी उडी मारली. मग पाणी पावलांना लागायला लागलं आणि बूनने दोर गुंडाळा म्हणून सांगितलं. सहावी क राहिली. आता ते चार हात नाहीत, दोनच राहिलेत, असं तेजूचं म्हणणं. मला खालून मोजता आलं नाही.

सातव्या दिवशी होडी, व्हॅन, विमान, विमान. शमशाबादच्या विमानतळावर आमचे हे घ्यायला आले होते. त्यांनी आधी तिची नडगी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तेजू गाडीत बसता बसता सुरूच झाली, "बाबा, आईने काय उडी मारली! स्टार झाली तिथे!" घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिने हे सांगितलं. स्रवंती भेटायला आली, तिलाही सांगितलं, साभिनय. स्रवंतीने प्लास्टरवाल्या हाताने मला सलाम केला. मी चहा आणते म्हणून उठले.

कारण खरं असं आहे की तेजू निसटली तेव्हा मी डोळे मिटले होते. पहिल्या वेळी. ती वरून सुटली एवढं दिसलं आणि माझे डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा मी हवेत होते. मी उडी मारली की दोराने मला उचललं, मला माहीत नाही. बून म्हणतो उडी. तेजू म्हणते उडी. ज्या एकीला माहीत असायला हवं तिलाच पत्ता नाही. आणि दोर धरणारी डोळे मिटते, याहून वाईट काय असतं?

हे मी इथे लिहिलं, पूर्ण लिहिलं, आणि मोकळं वाटलं. मग लक्षात आलं की हा ब्लॉग मराठीत आहे. तेजू मराठी बोलते फाडफाड, पण वाचायला बसली की पहिल्या ओळीत अक्षरं लावते आणि दुसऱ्या ओळीत फोन उचलते. म्हणजे नांदेडची माझी बहीण हे वाचेल, पुण्याच्या कुणी अनोळखी बाई वाचतील, आणि जिचा जीव त्या दोराला होता तिला सोडून सगळ्यांना कळेल. मला हे आधी सुचलंच नव्हतं, असंही म्हणवत नाही.

म्हणून काल जेवताना मी फोन काढला आणि तिला म्हटलं, "ऐक." डोळे मिटल्याचा तो परिच्छेद मोठ्याने वाचला. "मला माहीत नाही" हे दोनदा वाचलं. आमचे हे घास हातात धरून थांबले होते.

तेजू वरणात चमचा फिरवत राहिली. मला वाटलं, झालं. आता ही माझ्या हातात दोर देणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

मग तिने वर पाहिलं. "बाकीच्या दोन वेळा?"

"उघडे होते."

"हं." तिने भात ओढला. "मग डिसेंबरात क्राबीला पहिल्या वेळीपण उघडे ठेव."